नाईलची लेक दोरिया शफीक : मत मिळाले, चळवळ मात्र मोडली

१९ फेब्रुवारी १९५१. इजिप्तची राजधानी कैरो. तिथल्या अमेरिकन विद्यापीठाच्या सभागृहात सुमारे दीड हजार स्त्रिया जमल्या होत्या. स्त्रियांची परिषद आहे, एवढेच बाहेर सांगितले होते. त्यामुळे पोलिसांनीही फारसे लक्ष दिले नाही. मग बेचाळीस वर्षांची एक स्त्री व्यासपीठावर उभी राहिली आणि तिने जाहीर केले की इथून आपण थेट संसदेवर जायचे आहे. संसद जवळच होती. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, फाटकातून आत घुसल्या आणि त्यांनी काही तास संसदेचे काम बंद पाडले. मागणी साधी होती. स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क द्या, विवाह आणि घटस्फोटाचे कायदे सुधारा, समान कामाला समान वेतन द्या. वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी मागण्यांचा विचार करण्याचे आश्वासन दिले, तेव्हाच त्या परतल्या.

या मोर्चाचे नेतृत्व करणाऱ्या स्त्रीचे नाव दोरिया शफीक. पाच वर्षांनी, १९५६ मध्ये, इजिप्तच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. त्यानंतर वर्षभरातच दोरिया आपल्या घरात नजरकैदेत होत्या. त्यांचे नाव वर्तमानपत्रात छापायला बंदी होती आणि त्यांची संघटना मोडीत निघाली होती. हक्क देणारे आणि आवाज बंद करणारे सरकार एकच होते.

मित्र-मैत्रिणींनो, ही गोष्ट इजिप्तची आहे, पण जिथे जिथे चळवळ आणि सरकार समोरासमोर येतात, तिथल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती जाणून घ्यावी अशी आहे.

तांतापासून पॅरिसपर्यंत

दोरियांचा जन्म १४ डिसेंबर १९०८ रोजी, नाईलच्या खोऱ्यातल्या तांता या शहरात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई लवकर वारली. शिक्षण फ्रेंच मिशनरी शाळेत झाले. सोळाव्या वर्षी त्या फ्रेंच पद्धतीची शालान्त परीक्षा उत्तम गुणांनी पास झाल्या. पुढे शिकायचे होते, पण घरची परिस्थिती परदेशी पाठवण्याची नव्हती.

त्या वेळी इजिप्तमधील स्त्री चळवळीच्या अध्वर्यू होत्या हुदा शारावी. १९१९ च्या ब्रिटिशविरोधी उठावात स्त्रियांचे मोर्चे काढणाऱ्या आणि १९२३ मध्ये इजिप्शियन स्त्रीवादी संघाची स्थापना करणाऱ्या हुदा. दोरियांनी त्यांना पत्र लिहिले. हुदांनी या हुशार मुलीला बोलावून घेतले आणि शिक्षण खात्याची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९२८ मध्ये दोरिया पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेल्या. एका स्त्रीने दुसरीसाठी शब्द टाकला म्हणून हे दार उघडले.

दरम्यान मायदेशी असताना, १९३५ मध्ये, त्यांनी घरच्यांना न सांगता मिस इजिप्त स्पर्धेत भाग घेतला आणि दुसरा क्रमांक मिळवला. त्यावरून बरीच टीका झाली. १९३७ मध्ये पॅरिसमध्येच कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या नूर अल-दीन रगाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४० मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यासाठी लिहिलेल्या दोन प्रबंधांपैकी एक प्राचीन इजिप्तच्या कलेवर होता आणि दुसरा इस्लामी कायदा व इजिप्तमधील स्त्री या विषयावर. या दुसऱ्या प्रबंधात त्यांनी मांडले की इस्लाम स्त्रीला समान हक्क नाकारत नाही, ते नाकारले आहेत पुरुषांनी लावलेल्या अर्थाने आणि रूढीने. ही भूमिका त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

सोर्बोनची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या स्त्रीला कैरो विद्यापीठाने मात्र नोकरी दिली नाही. कारण काय, तर त्या फारच आधुनिक होत्या. पदवी पुरुषाकडे असती तर हे कारण कोणी पुढे केले नसते. शेवटी शिक्षण खात्यात फ्रेंच भाषेच्या निरीक्षक म्हणून त्यांनी काम केले.

मासिक, साक्षरता वर्ग आणि संघटना

१९४५ मध्ये राजघराण्यातील शहजादी शिवेकार यांनी दोरियांना एका फ्रेंच मासिकाचे संपादकपद दिले. फ्रेंच वाचणारा वर्ग म्हणजे शहरातला श्रीमंत वर्ग. राजवाड्याच्या पैशावर आणि परकी भाषेत सामान्य बाईपर्यंत पोहोचता येणार नाही, हे दोरियांच्या लक्षात आले. म्हणून त्याच वर्षी त्यांनी अरबी भाषेत स्वतःचे मासिक सुरू केले. नाव ठेवले ‘बिन्त अल-नील’, म्हणजे नाईलची लेक.

१९४८ मध्ये त्याच नावाने त्यांनी संघटना उभी केली. आधीच्याच वर्षी, १९४७ मध्ये, हुदा शारावी वारल्या होत्या. नव्या संघटनेने गरीब वस्त्यांत प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले, काम शोधणाऱ्या स्त्रियांसाठी रोजगार केंद्र उघडले, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी स्वस्तात जेवणाची सोय केली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मत नको, असे म्हणणाऱ्यांना दोरियांचे हे उत्तर होते. अडाणीपणा हा स्त्रीचा दोष नाही, तो तिच्यावर लादलेला आहे, आणि तो दूर करणे आणि हक्क मागणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात, अशी त्यांची समज होती.

दोरियांवर एक टीका त्या काळीही होत होती आणि आजही होते. त्या वरच्या वर्गातल्या होत्या. फॅशनेबल कपडे घालत, फ्रेंचमध्ये कविता करत. खेड्यातल्या शेतमजूर बाईचे जगणे त्यांनी जवळून पाहिलेले नव्हते. डाव्या विचारांच्या स्त्रियांना त्यांची चळवळ अपुरी वाटत होती. या टीकेत तथ्य आहे. संघटनेची मुळे गावागावांत खोल गेली असती तर पुढे काय झाले असते, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना वारंवार पडतो. पण त्याच वर्गातल्या बहुसंख्य स्त्रिया राजवाड्याच्या मेजवान्यांत रमल्या असताना दोरिया रस्त्यावर उतरल्या, हेही विसरता येणार नाही.

राजा, पुढारी आणि धर्मगुरू

मुस्लीमबहुल देशांतल्या स्त्रियांविषयी आपल्याकडे एक ठराविक चित्र आहे. धर्म अडवतो आणि स्त्री गप्प बसते, एवढेच ते चित्र. दोरियांचे आयुष्य हे चित्र खोटे ठरवते.

त्यांच्या वाटेत कोण कोण होते ते पाहा. १९१९ मध्ये स्त्रियांना सोबत घेऊन ब्रिटिशांशी लढलेल्या वफ्द पक्षाने सत्ता येताच १९२० च्या दशकातच स्त्रियांच्या मताच्या मागणीकडे पाठ फिरवली. १९५१ मध्ये संसदेवर मोर्चा गेला तेव्हाही सरकार याच निवडून आलेल्या पक्षाचे होते. सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले नाही. उलट मोर्चाबद्दल दोरियांना न्यायालयात उभे केले गेले. त्यांची बाजू मांडली मुफिदा अब्दुल रहमान या गाजलेल्या स्त्री वकिलाने. न्यायालय स्त्रियांनी भरून गेले होते. अखेर खटला बेमुदत तहकूब झाला. राजा फारूक हक्काच्या विरोधात होता. १९५२ मध्ये अल-अझहरच्या फतवा समितीनेही स्त्रियांच्या मतदानाविरुद्ध मत दिले.

म्हणजे राजेशाही, उदारमतवादी पुढारी आणि धर्मपीठ, तिघांचेही या एका मुद्द्यावर एकमत होते. आणि त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या स्त्रियाही मुस्लीमच होत्या.

दोरियांचा लढा फक्त स्त्रियांपुरता नव्हता. सुवेझ कालव्याच्या पट्ट्यात ब्रिटिश सैन्य ठाण मांडून होते. जानेवारी १९५२ मध्ये बिन्त अल-नीलच्या स्त्रियांनी कैरोतील ब्रिटिश मालकीच्या बार्कलेज बँकेला वेढा घातला आणि तिच्यावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. आधी देश स्वतंत्र होऊ द्या, मग स्त्रियांचे बघू, असे सांगणाऱ्यांना दोरियांनी कधी मान्यता दिली नाही. दोन्ही लढे बरोबरच चालतील, असा त्यांचा आग्रह होता.

क्रांती आली, बाई बाहेरच राहिली

२३ जुलै १९५२ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी राजाची सत्ता उलथवली. लोकांना आनंद झाला. दोरियांनाही झाला. जमीनदारांच्या जमिनी गेल्या, राजा गेला, आता स्त्रियांची पाळी येईल असे वाटले. पण जानेवारी १९५३ मध्ये सगळेच राजकीय पक्ष बरखास्त झाले. बिन्त अल-नीलला राजकीय पक्ष बनवण्याचा दोरियांचा प्रयत्न तिथेच संपला.

मार्च १९५४ मध्ये नव्या राज्यघटनेच्या कामाची तयारी सुरू झाली, आणि त्या समितीत एकही स्त्री नव्हती. १२ मार्चला दोरिया कैरोच्या पत्रकार संघाच्या इमारतीत गेल्या आणि त्यांनी आमरण उपोषण सुरू केले. त्यांच्याबरोबर संघटनेच्या इतर काही स्त्रियाही बसल्या. अलेक्झांड्रियातही काहींनी उपोषण केले. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी गेली. आठवडाभराने राष्ट्राध्यक्ष नगीब यांच्या वतीने कैरोच्या गव्हर्नरांनी येऊन सांगितले की नव्या घटनेत स्त्रियांच्या राजकीय हक्कांची हमी दिली जाईल. तोंडी आश्वासनावर दोरियांचा विश्वास उरलेला नव्हता. त्यांनी ते लेखी मागितले, आणि मिळाल्यावरच उपोषण सोडले.

उपोषण या मार्गाविषयी आपल्या मनात पुणे करारापासूनची कटू आठवण आहे, आणि ती रास्त आहे. १९३२ चे ते उपोषण वंचितांना मिळालेला हक्क काढून घेण्यासाठी होते. दोरियांचे उपोषण नाकारलेला हक्क मिळवण्यासाठी होते. कोण, कोणाविरुद्ध आणि कशासाठी उपाशी बसतो, यावरून हा फरक ठरतो.

या उपोषणानंतर दोरियांना अनेक देशांतून व्याख्यानांची निमंत्रणे आली. युरोप, अमेरिका, जपान, भारत, सिलोन, पाकिस्तान असा मोठा दौरा त्यांनी केला.

मत मिळाले, पण कसे?

नोव्हेंबर १९५४ पर्यंत नगीब बाजूला सारले गेले आणि सगळी सत्ता गमाल अब्दुल नासेर यांच्या हाती आली. १९५६ च्या नव्या घटनेने आणि निवडणूक कायद्याने इजिप्तच्या स्त्रियांना मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क दिला. पण त्यात मेख होती. पुरुषांसाठी मतदान सक्तीचे होते. स्त्रीला मात्र मतदार व्हायचे असेल तर तिने स्वतः अर्ज करून नाव नोंदवायचे. ज्या देशात बहुसंख्य स्त्रिया निरक्षर होत्या, सरकारी कचेरीची पायरी कधी चढल्या नव्हत्या, तिथे या अटीचा अर्थ उघड होता. अर्धवट हक्क मान्य नाही, असे दोरियांनी ठणकावून सांगितले.

तरीही हा विजय होता. १९५७ च्या निवडणुकीत राविया अतिया आणि अमीना शुक्री या दोन स्त्रिया संसदेत निवडून आल्या. नासेर सरकारने पुढच्या काळात मुलींसाठी शिक्षणाची दारे उघडली, पदवीधरांना नोकऱ्या दिल्या, १९६२ मध्ये हिकमत अबू झैद यांना मंत्रिपद दिले. लाखो गरीब घरांतल्या मुली शिकल्या. हे सगळे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण याच सरकारने १९५६ मध्येच हुदा शारावींचा स्त्रीवादी संघ बंद केला. चित्रकार आणि डाव्या कार्यकर्त्या इंजी अफलातून यांना १९५९ मध्ये तुरुंगात टाकले, त्या १९६३ मध्ये सुटल्या. आणि विवाह, घटस्फोट, बहुपत्नीत्व यांचे १९२० च्या दशकातले कायदे तसेच ठेवले. कारखान्यात, कचेरीत, संसदेत स्त्री समान. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र नवऱ्याचा शब्द चालणार. दोरिया ज्यासाठी प्रबंध लिहिण्यापासून भांडत होत्या, नेमका तोच भाग सरकारने हात न लावता सोडला.

भारतीय दूतावासात

१९५६ च्या शेवटी सुवेझचे युद्ध झाले. ब्रिटन आणि फ्रान्सचे सैन्य माघारी गेले, पण इस्रायलचे सैन्य अजून इजिप्तच्या भूमीवर होते. अशा वेळी ६ फेब्रुवारी १९५७ रोजी दोरिया कैरोतील भारतीय दूतावासात शिरल्या आणि त्यांनी पुन्हा आमरण उपोषण जाहीर केले. दोन मागण्या होत्या. इस्रायलने इजिप्तची भूमी सोडावी, आणि इजिप्तमधली हुकूमशाही संपून लोकांना स्वातंत्र्य मिळावे.

भारत कोणत्याच गटात नव्हता आणि नासेरांचा मित्र होता. त्यामुळे इथे आपल्याला लगेच पकडणार नाहीत, हा हिशेब त्यामागे होता. त्या वेळी तिथे भारताचे राजदूत होते अली यावर जंग. हेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी असलेल्या राष्ट्रीय संस्थेला त्यांचेच नाव आहे.

नासेर त्या क्षणी अरब जगाचे सर्वात लोकप्रिय नेते होते. तीन देशांच्या हल्ल्यापुढे ते टिकून राहिले होते. त्यांना कोणी उघडपणे हुकूमशहा म्हणेल, हे कुणाच्या कल्पनेतही नव्हते. दोरियांनी ते केले, आणि एकटीने केले. संघटनेशी चर्चा केली नव्हती, सोबत कोणाला घेतले नव्हते. युद्धाच्या जखमा ओल्या असताना हे पाऊल उचलणे चुकीचे होते, असे म्हणणारे तेव्हाही होते.

काही दिवसांनी त्या दूतावासातून बाहेर पडल्या. सरकारने त्यांना घरात नजरकैदेत ठेवले. त्यांची मासिके बंद केली. त्यांचे नाव छापण्यावर बंदी घातली.

पण सर्वात मोठा घाव सरकारने घातला नाही. बिन्त अल-नीलमधल्या सहकारी स्त्रियांनीच त्यांना राजीनामा द्यायला लावला. देशातल्या इतर स्त्री संघटनांबरोबर मिळून त्यांनी दोरियांना देशद्रोही ठरवले. ज्यांच्यासाठी त्या तीन वर्षांपूर्वी उपाशी बसल्या होत्या, त्यांनीच पाठ फिरवली. त्या स्त्रियांवर दबाव होता, भीती होती, काहींना खरोखरच दोरिया चुकल्या असे वाटतही असेल. पण संघटना वाचवण्यासाठी त्यांनी दोरियांना सोडले, आणि संघटनाही वाचली नाही.

अठरा वर्षांचा एकांत

पुढची अठरा वर्षे दोरिया कैरोच्या झमालेक भागातील आपल्या सहाव्या मजल्यावरच्या घरात जवळजवळ एकट्या राहिल्या. नजरकैद उठल्यावरही लोक परतले नाहीत. १९६८ मध्ये पतीशी घटस्फोट झाला. दोन्ही मुली आपापल्या संसारात गेल्या. दोरिया फ्रेंचमध्ये कविता करत राहिल्या, कुराणाच्या अनुवादाचे काम करत राहिल्या, आठवणी लिहीत राहिल्या. छापणारे कोणी नव्हते.

२० सप्टेंबर १९७५ रोजी त्याच घराच्या बाल्कनीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले असे मानले जाते. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. आपल्या देशात तेव्हा आणीबाणी होती. आणि त्यांना आसरा मागावा लागला त्या दूतावासाचे तेव्हाचे राजदूत मुंबईच्या राजभवनात होते.

दोरियांच्या अप्रकाशित आठवणी आणि कागदपत्रे वाचून कैरोतील अमेरिकन विद्यापीठाच्या प्राध्यापक सिंथिया नेल्सन यांनी १९९६ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर हे नाव पुन्हा चर्चेत आले.

आपण काय घ्यायचे?

हे फक्त इजिप्तमध्ये घडले असे नाही. तुर्कस्तानात अतातुर्क यांच्या सरकारने १९२६ मध्ये नवा नागरी कायदा आणला, १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मत दिले, आणि १९३५ मध्ये तुर्की स्त्री संघ आपले काम संपले असे सांगून बंद झाला. हक्क मिळाले, आता संघटना कशाला, असे सरकार म्हणते. खरे तर संघटनेची गरज तेव्हाच जास्त असते.

इजिप्तमध्ये याची किंमत पुढे मोजावी लागली. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी वटहुकूम काढून घटस्फोटाच्या कायद्यात स्त्रियांच्या बाजूने सुधारणा केल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. स्त्रिया संघटित होऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्याच वर्षी नवा कायदा झाला, पण तो आधीच्यापेक्षा दुबळा होता. २०११ मध्ये तहरीर चौकात स्त्री-पुरुष खांद्याला खांदा लावून लढले, मुबारक गेले, आणि घटनादुरुस्तीसाठी जी समिती नेमली गेली तिच्यात पुन्हा एकही स्त्री नव्हती. १९५४ मध्ये दोरिया ज्या कारणासाठी उपोषणाला बसल्या होत्या, तेच कारण सत्तावन्न वर्षांनी जसेच्या तसे समोर आले. फरक एवढाच, की मधल्या काळात त्यांचे नाव पुसले गेल्यामुळे तहरीर चौकातल्या कित्येक मुलींना त्यांच्याविषयी माहीतच नव्हते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात असे वाटते. सरकारने चांगला कायदा केला तर त्याचे स्वागत करावे, पण त्या बदल्यात आपली संघटना, आपले मासिक, आपली सभा सरकारच्या स्वाधीन करू नये. कायदा राबवून घ्यायला आणि उद्या तो कोणी काढून घेऊ लागला तर अडवायला तेवढेच हाताशी असते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्यातलाच कोणी एकटा पुढे गेला, त्याचे पाऊल चुकले असे आपल्याला वाटले, आणि त्याच वेळी सत्ता त्याच्यावर तुटून पडली, तर काय करायचे? मतभेद सांगावेत, बैठकीत भांडावे, राजीनामाही मागावा. पण सत्तेने लिहून दिलेल्या देशद्रोहाच्या निवेदनाखाली सही करू नये. कैरोतल्या त्या स्त्रियांनी सही केली, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांच्या देशात स्त्रियांची स्वतंत्र संघटना उभी राहू शकली नाही.